ज्याचं त्याचं खरं... पण किल्ली कुणाकडे?

"ज्याचं त्याचं खरं असतं बाई!" हे वाक्य आपण बायका किती वेळा म्हणतो, कधी मोजलंय का? हळदीकुंकवात, भिशीत, दवाखान्याच्या बाकावर, एस.टी.ची वाट बघताना... दोन जावांचं भांडण कानावर आलं की ऐकणारी तिसरी हेच म्हणते आणि चहाचा कप तोंडाला लावते. वाक्य मोठं सोयीचं. कुणाचं मन दुखत नाही, कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, आणि वर आपण समजूतदार ठरतो ते वेगळंच!

मीही म्हणायचे. अजूनही म्हणते. पण गेली बारा-तेरा वर्षं आमच्या तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते, तेव्हापासून हे वाक्य म्हणताना जीभ जरा अडखळते. खरंच ज्याचं त्याचं खरं असतं? सत्य हे माणसागणिक, जातीजमातीगणिक, देशागणिक बदलतं, की ते असतं एकच आणि आपल्याला दिसतं वेगवेगळं? बी.ए.ला तत्त्वज्ञानाच्या पेपरात हा प्रश्न यायचा. तेव्हा मार्कांसाठी पाठ केला होता. आता तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी समोरच्या खुर्चीत येऊन बसतो.

आधी आपल्या घरातलीच एक साधी गोष्ट घेऊ. आमच्या शेजारी उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब राहायला आलं. भाभी फार बोलक्या, दोन दिवसांत ओळख झाली. त्यांनी 'सावन'चे सोमवार धरले तेव्हा आमच्याकडे अजून आषाढच चालू होता. सासूबाई म्हणाल्या, "या लोकांना पंचांगसुद्धा कळत नाही का गं?" आणि तिकडे भाभी मला विचारतायत, "आपके यहाँ सावन इतना लेट क्यों आता है?" दोघींचं आपापल्या जागी ठाम! मी मध्ये. मग कालनिर्णय काढलं, भाभींकडचं हिंदी पंचांग मागून आणलं आणि दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली.

गंमत अशी आहे, की आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. म्हणून गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांचा श्रावण सुरू. आपण मात्र आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, होईपर्यंत थांबायचं. पंधरा दिवसांचा फरक पडतो तो इथे. राखीपौर्णिमा दोघांची एकाच दिवशी, पण त्या दिवशी त्यांचा श्रावण संपतो आणि आपला निम्मा शिल्लक असतो. पार पिठोरी अमावास्येपर्यंत, पोळ्यापर्यंत चालतो. आणि सगळ्यात मजेशीर आहे ती गोकुळाष्टमी. आपण तिला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. महिनाच वेगळा! पण दिवस तोच, रात्र तीच, आकाशातला अर्धा चंद्र तोच. कृष्णजन्म दोन्ही घरांत एकाच वेळी होतो. उलट सावित्रीचं. त्यांच्याकडे वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला आणि आपल्याकडे वटपौर्णिमा पंधरा दिवसांनी. सावित्री एक, वडही एकच, पूजेचे दिवस मात्र दोन.

आता सांगा, श्रावण खरा कुणाचा? हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. महिना कुठून मोजायचा हे माणसांनी आपापसात ठरवलंय. तिथे त्यांचं त्यांना आणि आपलं आपल्याला. पण अमावास्या कधी आणि पौर्णिमा कधी, हे ना सासूबाईंनी ठरवलंय ना भाभींनी. तिथे दोन्ही पंचांगं मुकाट्याने एक होतात.

या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. काळ्या रंगाचंच बघा. लग्नकार्यात काळं नको, म्हणून नाक मुरडणाऱ्या आपणच मंगळसूत्रात काळे मणी ओवतो, बाळाला काळी तीट लावतो आणि संक्रांतीला हौसेने काळी साडी नेसतो. बंगाली सुवासिनीला मंगळसूत्राचं महत्त्व आपल्याइतकं नाही, तिचं सौभाग्य शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगडीत. मामाची मुलगी सून म्हणून आणायची हे आपल्याकडे कितीतरी समाजांत रीतीचं, कौतुकाचंसुद्धा. आमच्या भाभींनी ते ऐकलं आणि त्यांनी चक्क कानाला हात लावले! त्यांच्याकडे ती बहीण. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यालासुद्धा हे ठाऊक आहे. त्याने जवळच्या नात्यातली लग्नं मना केली, पण ज्यांच्यात तशी रूढी आहे त्यांना त्यातून सूट ठेवली. विधवेचं तसंच. तिने पुन्हा लग्न करणं म्हणजे महापाप, असं काही घरांत मानत होते, त्याच काळात त्याच गावाच्या दुसऱ्या आळीत पाट लागत होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा 'आमच्यात असंच असतं' हे वाक्य कुणी उच्चारलं, की मी आधी कान देऊन ऐकते. आपल्या घरची रीत ती जगाची रीत, असं धरून चालणाऱ्या समाजसेविका मी पाहिल्या आहेत. मदतीपेक्षा त्यांचा तापच जास्त होतो.

आणि मनाला वाटण्याचंही तसंच. ठेचा एकीला सणसणीत लागतो, दुसरीला मिळमिळीत. कोकणातून वऱ्हाडात दिलेल्या मुलीला विचारा! तिला 'तुला तिखट लागलंच नाही' असं कोण सांगणार? तिची जीभ, तिचं खरं. पण खलबत्त्यात मिरच्या किती घातल्या होत्या, दहा की वीस, हे काही खाणाऱ्याच्या जिभेवर ठरत नाही ना?

केंद्रात रोज हाच गुंता समोर येतो. तिथल्या एका प्रकरणाबद्दल सांगते. नावगाव सांगणार नाही, ओळख पटेल अशा खुणाही थोड्या बदलल्या आहेत.

तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, कडेवर दोन वर्षांचं पोर. म्हणाली, "मला तीन दिवस उपाशी ठेवलं." आम्ही रीतीप्रमाणे सासरच्यांना बोलावलं. नवरा, सासू आणि सोबत गावातले एक वजनदार चुलत सासरे आले. सासूबाई आल्या आल्या कडाडल्या, "घरात चार पोती गहू हाय, दारात दुभती म्हैस हाय. आमच्या घरी कुत्रं उपाशी राहत नाही, सून राहील?" शेजारीणही साक्षीला आणली होती. तिने शपथेवर सांगितलं, "मी सोताच्या डोळ्यांनी हिला वट्यावर भाकर खाताना पाहिलं." नवरा खाली मान घालून बसलेला. आणि मग ते वजनदार काका खाकरले, "हे पाहा मॅडम, तिचं तिच्या जागी खरं, हिचं हिच्या जागी खरं. टाळी काही एका हाताने वाजत नाही. दोघींनी थोडं थोडं सोडून द्यावं."

ऐकायला किती बरं वाटतं, नाही? कुणाला दोष नाही, कुणाचा अपमान नाही. पण मैत्रिणींनो, अशा वेळी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं. तिचा चेहरा विझला. कारण 'दोघींचंही खरं' म्हटल्यावर तिला परत त्याच घरात जायचं होतं आणि तिथे सासूचं खरं तिच्या खऱ्यापेक्षा मोठं होतं. ज्याच्या हातात घर आहे, जमीन आहे, गावातला शब्द आहे, त्याला 'ज्याचं त्याचं खरं' अगदी परवडतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्याजवळ फक्त घडलेली गोष्ट असते. तीच काढून घेतली, तर उरलं काय?

आमच्या केंद्रातल्या जुन्या ताई फार कमी बोलतात. त्यांनी 'खरं कोण, खोटं कोण' या वादात पाऊलच टाकलं नाही. त्यांनी विचारलं, "पिठाचा डबा कुठे असतो तुमच्याकडे?"

"कोठीच्या खोलीत."

"आणि दूध?"

"तेबी तिथंच. मांजरं लई झाली हायेत."

"खोलीला कुलूप असतं?"

"असते की."

"किल्ली?"

सासूबाईंचा हात आपसूक कमरेकडे गेला. खोलीत कुणी बोललं नाही. मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, "माह्या सासूच्याबी कमरेलाच राहायची. आमच्यात रीतच हाय तशी."

आणि ते अगदी खरं होतं! रीत होती. सासूच्या कमरेच्या किल्लीत मान असतो, हे मला काय नवीन? माझ्या आजेसासूबाईंचा किल्ल्यांचा जुडगा अजून आमच्या देवघरात आहे. पण कुणाच्या कमरेला किल्ली असावी ही झाली रीत, आणि बुधवारी सकाळी कोठीला लागलेलं कुलूप शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुनेसाठी उघडलं नाही, ही झाली घटना. हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीने आजारी आईला पाचशे रुपये पाठवले होते, न विचारता. त्यावरून हे कुलूप. शेजारणीने भाकर खाताना पाहिलं होतं तेही खरं, पण कधी? ताईंनी विचारलं तेव्हा ती बोटं मोजायला लागली आणि सोमवारवर थांबली. ती काही खोटं बोलत नव्हती. तिने पाहिलेला दिवसच वेगळा होता.

इथे मला 1995 सालचा तो गणपतीच्या दुधाचा दिवस हमखास आठवतो. 21 सप्टेंबर. मी तेव्हा दहावीत. देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या, आमच्या गल्लीतली एक बाई घरी न राहिलेली! सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला की दूध कमी होतं. रांगेतल्या बायका थापा मारत नव्हत्या. चमचा रिकामा होत होता, हे शंभर टक्के खरं. दिल्लीत सरकारच्या शास्त्रज्ञांनी मग दुधात रंग मिसळला, तेव्हा कळलं की पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या दुधात तो ओघळ दिसत नव्हता, रंगीत दुधात दिसला. पाहिलेलं खरं, त्यावरून काढलेला अर्थ मात्र घाईचा. शेजारणीची भाकर तशीच.

आणि आणखी एक. मुलीलाही ताईंनी त्याच बारकाईने विचारलं. "तीन दिवस पोटात काहीच नाही?" ती थांबली. म्हणाली, "दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराने बिस्किटं दिली, मागच्या दाराने. चहाबी घेतला." लगेच काका उसळले, "बघा! खोटं बोलली की नाही?" ताईंनी शांतपणे नोंदवहीत बिस्किटं आणि चहा लिहून घेतला. ते लिहायलाच हवं होतं. घडलेली गोष्ट आपल्याला आवडणाऱ्या बाजूसाठी एक आणि न आवडणाऱ्या बाजूसाठी दुसरी, असं करता येत नाही. पण म्हणून कोठीचं कुलूप काही उघडत नाही! 2005 सालचा घरगुती हिंसाचाराचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, त्यात फक्त मारहाणच धरलेली नाही. घरातल्या गरजेच्या वस्तूंपासून, वापराच्या सोयींपासून बाईला तोडणं हाही छळच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ताईंनी ते कलम वाचून दाखवलं. समझोत्याच्या कागदावर पहिली ओळ आली ती अशी, की कोठीची दुसरी किल्ली सुनेकडे राहील. सासूबाईंनी सगळ्यात शेवटी अंगठा दिला. चार महिन्यांनी आम्ही घरी जाऊन आलो. किल्ली सुनेच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती. दोघी एकमेकींशी बोलत होत्या का? कामापुरत्या.

असं काही सांगितलं की हमखास कुणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट पुढे करतं. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याचं खरं! पण ही गोष्ट मुळातून वाचली आहे का? ती फार जुनी आहे. पाली भाषेतल्या 'उदान' ग्रंथात गौतम बुद्धांनी ती सांगितल्याचं येतं. श्रावस्तीचा राजा जन्मांधांना गोळा करून हत्तीपुढे उभं करतो. तिथल्या उपमा तर आपल्याच घरातल्या आहेत. डोक्याला हात लागला त्याला हत्ती म्हणजे घागर वाटली. कानाला लागला त्याला सूप. अंगाला लागला त्याला धान्याचं कोठार, पायाला लागला त्याला खांब. शेपटीला लागला त्याला मुसळ, आणि शेपटीच्या टोकाच्या केसांना लागला त्याला चक्क केरसुणी! पुढे काय झालं? ते 'तुझंही खरं, माझंही खरं' म्हणत घरी गेले नाहीत. ते बुक्क्यांनी मारामारी करायला लागले. आणि ती गोष्ट सांगितली गेली ती सगळ्यांची पाठ थोपटायला नव्हे. एकेक तुकडा हातात धरून तोच सगळा हत्ती म्हणून भांडणाऱ्यांसाठी ती आहे. जैनांचा अनेकान्तवाद म्हणून जो आपण ऐकतो, त्याचाही अर्थ लोक 'सगळंच बरोबर' असा लावतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात सांगितलंय ते असं, की एका बाजूने पाहून केलेलं विधान त्या बाजूपुरतंच धरावं. म्हणजे बाजू अनेक, पण ज्याच्या बाजू आहेत ती वस्तू आहेच. हत्ती होता, म्हणून तर सूप आणि मुसळ हाताला लागलं! मला त्या गोष्टीत नेहमी एकच वाटतं, त्यातल्या एकाने जरी दोन पावलं सरकून दुसऱ्याच्या जागी हात लावून बघितला असता तर? ताईंनी कोठीच्या किल्लीचं विचारलं, ते असं सरकून बघणंच होतं.

आपल्या मराठीत हे काम एका बाईने एकशेचाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय आणि तेही पुण्या-मुंबईत बसून नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला, जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत चर्चा पेटली आणि 'पुणे वैभव'सारख्या पत्रातून बायकांच्या वागण्यावर ताशेरे झाडले गेले. बायकांची जात किती वाईट, याचा जणू निकालच लागला होता. ते तेव्हाच्या समाजाचं 'सत्य' होतं! ताराबाईंनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. नावच बघा. 'तुमचं सत्य तुम्हाला, आमचं आम्हाला' असं त्यांना म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या तुलना करू. बायकांचे म्हणून जे जे दुर्गुण सांगता, ते एकेक घ्या आणि पुरुषांकडे आहेत की नाहीत बघा. बायको गेली की नवरा लगेच दुसरी करतो आणि नवरा गेला की बाईचं मात्र सगळंच संपतं, हे कुठल्या न्यायाने? तराजू एकच हवा, हे त्यांचं म्हणणं. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये 1885 साली त्यांची बाजू घेतली, पण पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं तेव्हा लोकांसमोर आलं. म्हणजे नव्वद वर्षं एका बाईचं म्हणणं कपाटात कुलूपबंद! (इथेही किल्ली दुसऱ्याकडेच.)

त्याच काळात 'शिकलेल्या बाईचा नवरा मरतो' अशी घरोघरी पक्की समजूत होती. आपल्या पणज्यांना ती सूर्य उगवण्याइतकी खरी वाटत होती. सावित्रीबाईंनी 1848 पासून पुण्यात मुलींना शिकवलं, मग गावोगाव मुली शिकल्या आणि नवरे काही पटापट मेले नाहीत. आता, ती समजूत तेव्हा खरी होती आणि पुढे काळ बदलला म्हणून खोटी झाली, असं म्हणायचं का? मला नाही पटत. ती तेव्हाही खोटीच होती. फक्त तपासून बघायची कुणी सोय ठेवली नव्हती, कारण तपासायला आधी मुलीला शिकवावं लागलं असतं.

अशीच एक समजूत अजून आपल्या उशाशी झोपलेली आहे. मुलगी झाली की दोष बाईचा. ही काही एकट्या आपल्या गावाची नाही, जगात कितीतरी ठिकाणी राण्यांपासून मोलकरणींपर्यंत बायकांनी याचे बोल खाल्लेत. आपल्याकडे त्याची किंमत आकड्यांत दिसते. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 894 झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो आणखी कडक केला, तरी ही घसरण!

म्हणून बचत गटाच्या मीटिंगला मी पर्समध्ये मणी घेऊन जाते, लाल आणि काळे. सतरंजीवर मांडते. सांगते, आईकडे दोन्ही मणी लाल, एक्स आणि एक्स. बापाकडे एक लाल, एक काळा, एक्स आणि वाय. आई देणार तो मणी लालच, तिच्याकडे दुसरा आहेच कुठे? बापाकडून लाल आला तर मुलगी, काळा आला तर मुलगा. कुठला येतो ते त्याच्याही हातात नाही, तेव्हा त्यालाही शिव्या द्यायचं कारण नाही. हे शोधणाऱ्यांत एक बाई होती, हेही मी मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स. आधी शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिशीत विद्यापीठात शिकायला गेल्या. पिठात होतात ना, तसल्या किड्यांवर काम करता करता त्यांना नराच्या पेशींत एक जोडी विषम दिसली. एक मोठं, एक छोटं. साल होतं 1905. पुढे सातच वर्षांनी त्या गेल्या. आपण पीठ चाळून ज्या किड्यांना फेकतो त्यांच्यात त्यांनी हे पाहिलं, म्हटल्यावर बायका हसतात आणि मग ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या मीटिंगला एक आजी आल्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास. सोबत सून. सुनेला दोन मुली आणि आजींचं सारखं चाललेलं, "तिसऱ्या टायमाला पाहू, न्हाईतर पोराचं दुसरं करू." स्वतः आजींना आधी चार मुली, मग मुलगा. तो होईपर्यंत सासूने काय काय बोललं, एकदा माहेरी कसं आणून टाकलं, हे त्या मघापासून बायकांना सांगत होत्या. अगदी कुणा दुसरीचं सांगावं तसं.

मण्यांचं सांगून झालं. सगळ्या कुजबुजत होत्या. आजी एकदम म्हणाल्या, "बाई, हे कवा समजलं म्हणता?"

"1905 साली, आजी."

त्यांनी शेजारच्या नातीला विचारलं, मी कितवी सालची गं? तिने आधार कार्डावरचं साल सांगितलं. आजींनी ओठांतल्या ओठांत काही मोजलं.

"म्हंजे माह्या जल्माच्याबी आधी?"

"हो आजी. चाळीसेक वर्षं आधी."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीटिंगचं पुढचं चालू झालं, हप्त्याचे पैसे मोजले गेले, चहा आला. मी मणी गोळा करायला लागले तर काळा एक कमी. बघते तर तो आजींच्या मुठीत. उठताना त्यांनी तो सुनेच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर मले दे. पोराला मीच दाखवते."